शत्रूच्या दफ्तरात आपला इतिहास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बनशंकरी, बंगळूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मालेसाठी कार्यकारी मंडळाने मला ‘मराठ्यांचे हेरखाते’ हा विषय सुचविला, त्याबद्दल मी आभारी आहे. विषय मोठा मोहक आहे. हेर म्हटला की फकिराचे सोंग, वासुदेवाची टोपी, रात्रीचा दोर आणि पहाटेची बातमी असे सारे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आपल्या घरांतील मुले इंग्रजी व कानडी शाळांत शिकतात. शिवचरित्राशी त्यांची पहिली भेट हल्ली बहुधा चित्रपटाच्या पडद्यावरच होते, आणि त्या पडद्यावर बहिर्जी नाईक हमखास असतो. मागे एका मुलीने मला विचारले, ‘‘आजोबा, बहिर्जीबद्दल खरोखर माहीत आहे ते किती?’’ प्रश्न अगदी नेमका होता. आजचे व्याख्यान त्याच प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे असे समजावे.

खरोखर माहीत आहे ते थोडे आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ च्या सुमारास जिंजीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जी बखर लिहिली तीत बहिर्जी जाधव नाईक हा जासूद दोन प्रसंगी ठळकपणे भेटतो. पहिला प्रसंग जानेवारी १६६४ मधील सुरतेच्या स्वारीपूर्वीचा. त्या संपन्न शहराची बातमी त्याने आणली. दुसरा १६७९ मधील जालन्याच्या स्वारीनंतरचा. मोगल फौज पाठीवर असता महाराजांना आडवाटांनी पट्टागडास सुखरूप नेणारा वाटाड्या तोच. पट्ट्याचे ‘विश्रामगड’ हे नाव त्या मुक्कामावरून पडले. त्याची वेषांतरे, त्याची सांकेतिक भाषा, त्याच्या हाताखालची हजारो माणसे, हे सारे रंग पुढच्या काळाने भरलेले आहेत. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्याची समाधी दाखवितात. त्या परंपरेला आपण नमस्कार करावा. परंतु परंपरा म्हणजे पुरावा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

इतके थोडे का माहीत असावे? एक कारण त्या धंद्यातच आहे. जासूद चोख असला तर तो मागे कागद ठेवीत नाही. पकडला गेला तरच त्याचे नाव कोणाच्या तरी दफ्तरात चढते. दुसरे कारण मोठे दुःखदायक आहे. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले. मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूने घाट उतरून आला तो स्वतःच्या हेरांनी दिलेल्या बातमीवर. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला. राजधानीतले दफ्तर, म्हणजे शिवकालीन राज्यकारभाराचा मुख्य साठा, आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही. ज्या राज्याचा बातमीचा कारभार इंग्रजांनाही थक्क करीत होता (१६६४ सालच्या एका पत्रात सुरतकर इंग्रज म्हणतात की, लोकांनी शिवाजीला हवेचे शरीर आणि पंख बहाल केले आहेत!) त्या राज्याची बातमीची वही आज कोणापाशी नाही.

मग ज्याला या विषयाचा अभ्यास करावयाचा आहे त्याने जावे कोठे? त्याने शत्रूच्या दफ्तरात जावे. हे उत्तर ज्यांनी स्वतःच्या अर्धशतकाच्या परिश्रमाने दिले त्या सेतुमाधवराव पगडी यांच्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

सेतुमाधवरावांचा जन्म २७ ऑगस्ट १९१० रोजी निलंग्याचा. निलंगा आज लातूर जिल्ह्यात आहे. तेव्हा ते निजामाच्या राज्यात बिदर जिल्ह्यात मोडत असे. म्हणजे मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषा जेथे एकाच बाजारात ऐकू येतात आणि कचेरीत मात्र उर्दू चालते, अशा मुलखातला हा माणूस. आपल्यापैकी ज्यांची मुले घरात मराठी, अंगणात कानडी आणि शाळेत इंग्रजी बोलतात त्यांना अशा बालपणाची कल्पना सहज यावी. उच्च शिक्षण काशी आणि अलाहाबाद येथे घेऊन ते हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत शिरले. आदिलाबादच्या जंगलभागात काम पडले तेव्हा त्यांनी गोंडी आणि कोलामी शिकून घेतल्या आणि त्या भाषांवर व लोकांवर पुस्तके लिहिली. राज्यपुनर्रचनेनंतर ते मुंबईस आले. शासनात सचिवपदापर्यंत चढले आणि महाराष्ट्राच्या गॅझेटियरांचे काम त्यांनी पाहिले. गालिब आणि इकबाल मराठी वाचकाच्या घरात आणून बसविणारे तेच. १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, १९९४ साली ते निवर्तले. ‘जीवनसेतु’ हे त्यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. निजामी राजवटीतल्या एका मराठी अधिकाऱ्याची दुहेरी कुचंबणा त्यात पाहावयास मिळते.

नोकरीच्या व्यापातून उरलेला वेळ त्यांनी ज्या कागदांना दिला ते कागद म्हणजे मोगल दरबाराचे अखबार. भुऱ्या कागदाच्या लहान लहान चिठ्ठ्या, घसटत्या फारसी लिपीत लिहिलेल्या. बादशहाच्या जुलूसी सनाची तारीख, मग कोण मुजऱ्यास आला, कोणाला खिलत मिळाली, कोणाची मनसब वाढली वा घटली, कोणत्या ठाण्याहून काय लिहून आले आणि त्यावर बादशहाने काय फर्माविले. रोजचे रोज. हे लिहीत कोण? बादशहाचे कारकून लिहीत ते वेगळे. आपणांस उपलब्ध असलेला फार मोठा साठा जयपूरच्या राजांनी दरबारात ठेवलेल्या वकिलांच्या लेखकांचा आहे. दरबारात जे वाचले जाई, बोलले जाई, ते ऐकून हे लोक आपल्या धन्याला कळवीत. म्हणजे मोगलांच्या बातमीवर राजपुतांनी ठेवलेली बातमी, आणि ती आज वाचावयाची मराठ्यांच्या इतिहासासाठी! त्यातील पुष्कळसे कागद कर्नल टॉडने विलायतेस नेले आणि ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत राहिले. जयपूरचे मूळ दफ्तर पुढे बिकानेरच्या अभिलेखागारात आले. सर जदुनाथ सरकारांनी आणि सीतामऊच्या महाराजकुमार रघुवीरसिंहांनी त्यांच्या नकला करवून घेतल्या. सेतुमाधवरावांनी ‘मोगल दरबाराची बातमीपत्रे’ या नावाने त्यांतील मराठ्यांशी संबंध असलेली सामग्री मराठीत आणली. त्याआधी त्यांनी भीमसेन सक्सेना या बऱ्हाणपूरच्या कायस्थाची आठवणवजा तवारीख मराठीत आणली होती. दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहून दक्षिणेच्या मोहिमा भीमसेनाने डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

मोगलांची बातमीची यंत्रणा कशी होती ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे. प्रत्येक सुभ्यात आणि मोठ्या फौजेबरोबर एक वाकेनवीस असे. तो उघडपणे नेमलेला वृत्तलेखक. त्याच्यावर विश्वास ठेवणे पुरेसे नाही म्हणून सवानेहनिगार. त्या दोघांवरही भरवसा नको म्हणून खुफियानवीस. हा कोठे राहतो, कोण आहे, हे स्थानिक अधिकाऱ्यास कळू द्यावयाचे नाही असा नियम. आणि तोंडी वा लेखी बातम्या घेऊन धावणारे हरकारे. ही सारी पत्रे डाकचौकीच्या दरोग्यामार्फत दरबारात यावयाची. इटालियन प्रवासी मनूची सांगतो की, रात्री नऊच्या सुमारास महालातल्या स्त्रिया ती बादशहाला वाचून दाखवीत.

आता असा विचार करा की, ज्या बादशहाजवळ इतके डोळे आणि इतके कान होते तो दक्षिणेत पंचवीस वर्षे युद्ध करून अखेरीस हरला कसा? येथे सेतुमाधवरावांचा मुलकी नोकरीतला अनुभव त्यांच्या उपयोगी पडला असे मला वाटते. ज्याने जन्मभर खालून आलेले अहवाल वाचले आहेत त्याला अहवाल कशासाठी लिहिला जातो हे ठाऊक असते. हाताखालचा अधिकारी वरिष्ठाला काय आवडेल ते आधी लिहितो, त्रासदायक ते शेवटच्या परिच्छेदात टाकतो, आणि अगदी अंगाशी येणारे लिहीतच नाही. अखबार सलग वाचू लागले की एक गोष्ट लख्ख दिसते: या यंत्रणेचे तोंड बाहेरच्या शत्रूपेक्षा आतल्या नोकराकडे अधिक होते. कोणत्या किल्लेदाराने लाच घेतली, कोणत्या सरदाराने मराठ्यांशी आतून संधान बांधले, कोणाच्या पथकात कागदावर पाचशे आणि घोड्यावर दोनशे आहेत, याच्या चौकश्या. बादशहाला स्वतःच्या माणसांच्या लबाड्या उत्तम ठाऊक होत्या. संताजी उद्या कोठे असेल, हे मात्र ठाऊक नसे.

याचे एक उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे, म्हणून त्यावर थोडा रेंगाळतो. चित्रदुर्गाच्या पूर्वेस, चळ्ळकेरे तालुक्यात, दोड्डेरी नावाचे गाव आहे. १६९५ च्या नोव्हेंबरात कासीमखान हा मोगल सरदार या भागात होता. बंगळूरकरांना या गृहस्थाचे नाव ठाऊक असावयास हवे, कारण १६८७ साली शहाजीराजांच्या वंशाकडून हे शहर मोगलांकडे गेले ते याच खानाच्या हातून, आणि त्याच्यानंतर ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे आले. तर संताजी घोरपडे कर्नाटकातून परत फिरत आहे असे कळल्यावरून बादशहाने त्याची वाट अडविण्यास कासीमखानास हुकूम केला आणि मदतीस खानाजादखान वगैरे खासे सरदार पाठविले. दरबारचे एवढे थोर पाहुणे येणार म्हणून कासीमखानाने अदवानीच्या किल्ल्यातून सोन्या-रुप्याची आणि चिनी भांडी काढविली, उत्तम तंबू बाहेर काढले, आणि हे सारे सामान दुसऱ्या दिवशीच्या मुक्कामासाठी दोन-तीन कोस पुढे रवाना केले.

संताजीला हे कळले. त्याने फौजेच्या तीन तुकड्या केल्या. पहिली त्या पुढच्या तंबूंवर गेली. तंबू लुटले जात आहेत हे ऐकून कासीमखान घाईने निघाला, तो दुसरीने त्याला वाटेत गाठले. तिसरी अंगाबाहेर राखून ठेवली होती. खानाचा मागचा तळ जवळजवळ रिकामा आहे असे पाहून तिने तो लुटला. मोगल फौज दोड्डेरीच्या लहानशा गढीच्या आश्रयाला गेली. दाणागोटा संपला. कासीमखान तेथेच मेला; अफू न मिळाल्याने मेला की विष घेऊन, यावर लेखकांत एकमत नाही. बाकीच्यांनी जबर खंडणी कबूल करून सुटका करून घेतली.

हे आपणांस कोण सांगते? मोगलांचेच लेखक सांगतात, आणि भांडी कोणत्या धातूची होती इथपर्यंत सांगतात. संताजीच्या बाजूने या प्रसंगाचे असे वर्णन आलेले नाही. तंबू पुढे गेल्याची बातमी त्याला ज्याने दिली त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. मराठी हेराचे काम शत्रूच्या कागदावर उमटलेल्या परिणामावरून ओळखावे लागते. चंद्र दिसत नसला तरी भरतीवरून त्याचा अंदाज घ्यावा, तसा हा अभ्यास आहे. कादंबरीकाराला या रिकाम्या जागी माणूस उभा करण्याची मुभा आहे, इतिहासकाराला नाही. सेतुमाधवरावांनी ही मर्यादा पाळली, म्हणून त्यांचे खंड वाचताना प्रथम कंटाळा येतो. पाने उलटली तरी कोणाला हत्ती मिळाला आणि कोणाची शंभराची वाढ झाली, हेच. पण चिकाटीने वाचीत गेले की १६९९ नंतरचा बादशहा दिसू लागतो. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड असे एकेक किल्ले वेढे घालून, पैसे मोजून घेणारा, आणि पाठ फिरताच ते पुन्हा गेल्याची खबर ऐकणारा ऐंशी वर्षांचा म्हातारा.

शत्रूचा कागदही जपूनच वाचावा लागतो, ही गोष्ट आग्र्याच्या प्रकरणात विशेष पटते. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज दरबारात गेले आणि १७ ऑगस्टला निसटले, या दरम्यानच्या घटनांवर जयपूरच्या नोकरांनी आमेरला पाठविलेली राजस्थानी पत्रे उपलब्ध आहेत. सरकार आणि रघुवीरसिंह यांनी ती १९६३ साली छापली. परकालदास नावाचा नोकर कल्याणदासाला लिहितो. इतके जवळचे, इतके ताजे साधन दुसरे नाही. तथापि परकालदासाला शिवाजीच्या पराक्रमात रस नाही. त्याला रस आहे तो रामसिंहाच्या मानेत. मिर्झा राजांचा हा मुलगा महाराजांना जामीन राहिला होता, आणि कैदी निसटल्यावर त्याच्यावर काय गुदरेल या चिंतेने ती पत्रे भरलेली आहेत. प्रत्येक बातमीदार आपल्या धन्याच्या पोटदुखीची बातमी लिहितो. ती पोटदुखी वजा केली की मग इतिहास उरतो.

ही झाली शत्रूच्या दफ्तराची गोष्ट. पेशवाईत मात्र चित्र पालटते. मराठ्यांचे वकील दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण येथे बसले होते आणि त्यांची पत्रे आपल्यापाशी विपुल आहेत. येथे बातमीचा दुसरा एक मार्ग दिसतो, तो सावकारी डाकेचा. पानिपतचा निकाल १४ जानेवारी १७६१ रोजी लागला. नानासाहेब पेशवे भेलशाजवळ होते. दहाएक दिवसांनी त्यांच्या हाती पडले ते कोणा सरदाराचे पत्र नव्हते. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेत लिहिलेली एका सावकाराची चिठ्ठी होती. ज्याचा पैसा अडकलेला असतो त्याची बातमी सरकारच्या आधी पोहोचते, हे आपल्यातल्या बँकवाल्यांना मी सांगावे असे नाही.

पण या काळातला जो प्रसंग मला आपणांस सांगितलाच पाहिजे तो म्हैसूरच्या वाटेवरचा आहे. १७९१ च्या मार्चमध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला आणि मेमध्ये तो श्रीरंगपट्टणावर चालून गेला. टिपूविरुद्ध मराठे आणि निजाम त्याच्या बाजूला होते. परशुरामभाऊ पटवर्धन धारवाड घेऊन दक्षिणेस येत होते. हरिपंत फडके दुसऱ्या वाटेने येत होते. टिपूच्या हलक्या घोडदळाने मधला मुलूख असा काही विंचरून काढला होता की, एकही जासूद इंग्रजांच्या छावणीत पोहोचू शकत नव्हता. बैल मेले, धान्य संपले, पावसाने रोगराई आणली. मराठे किती लांब आहेत याचा कॉर्नवॉलिसला पत्ता नाही. त्याने कन्नंबाडीजवळ, आज जेथे कृष्णराजसागराचे धरण आहे त्या भागात, आपल्या वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच फोडून टाकल्या आणि माघार घेतली. आणि माघारीस निघतो न निघतो तोच मेलुकोट्याच्या बाजूने घोडेस्वार येताना दिसले. इंग्रजांनी त्यांना टिपूचे स्वार समजून लढण्याची तयारी केली. ते मराठे होते! दोनचार दिवस आधी एक चिठ्ठी पोहोचती तर त्या तोफा वाचत्या. उपाशी इंग्रज फौज मराठ्यांच्या बाजारात वाटेल तो भाव देऊन धान्य विकत घेऊ लागली, हे वर्णन तर इंग्रजांनीच मोठ्या चवीने लिहून ठेवले आहे.

आपण वृंदावन बागेत पाहुण्यांना घेऊन जातो, मेलुकोट्याला चेलुवनारायणाच्या दर्शनाला जातो. त्या वाटेवर हे घडले. आणि येथे आपल्याला शत्रूच्या वा मित्राच्या दफ्तरावर अवलंबून राहण्याचे कारण नाही, कारण पटवर्धनांच्या छावणीतली पत्रे मिरजेत शिल्लक होती. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी ती वाचली, निवडली, आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून १८९७ पासून प्रसिद्ध करावयास आरंभ केला. १९२४ साली ते वारले तोपर्यंत बारा खंड निघाले होते. मास्तरकीचा पगार, पदरचा खर्च आणि घेणारे गिऱ्हाईक तुटपुंजे. त्या माणसाने हे केले नसते तर १७९१ मध्ये मराठी छावणीला काय ठाऊक होते आणि काय नव्हते, हे आपण आज विल्क्ससारख्या इंग्रजाच्या पुस्तकावरूनच ठरविले असते.

या परंपरेतले आणखी एक नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. गजानन भास्कर मेहेंदळे हे १७ सप्टेंबर २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यांचा रस्ता उलट दिशेने आला होता. ते मूळचे आधुनिक युद्धशास्त्राचे अभ्यासक. १९७१ च्या बांगलादेशच्या युद्धाचे वार्तांकन करावयास तरुणपणी गेलेले. मग शिवाजी महाराजांच्या लष्करी कर्तृत्वाकडे वळले आणि तेथेच राहिले. भारत इतिहास संशोधक मंडळात बसून, फारसी व मोडी शिकून, त्यांनी लिहिलेले ‘श्री राजा शिवछत्रपती’ १९९६ साली दोन भागांत निघाले आणि त्यात पानाखालच्या टीपा कित्येकदा पानाहून मोठ्या आहेत. समकालीन कागद नसेल तर विधान नाही, ही त्यांची शिस्त. ज्यांना शिवकालातील हेरांवर गोष्ट हवी होती ते त्यांच्यावर नाराज होत असत, आणि ते त्या नाराजीची फिकीर करीत नसत.

आता विषय आपल्या काळाकडे आणतो. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनने आपणांस धक्का दिला आणि यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. त्यांचा अहवाल १९६३ साली सरकारला सादर झाला. चव्हाणांनी सप्टेंबरात लोकसभेत त्यावर निवेदन केले. तो अहवाल सरकारने आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग बाहेर आणला, तेव्हा अनेकांनी तो प्रथम पाहिला. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मात्र निराळा पायंडा पाडला. घुसखोरीची चाहूल वेळीच का लागली नाही याचा तिने जो अहवाल लिहिला तो काही भाग वगळून का होईना, २००० च्या फेब्रुवारीत संसदेपुढे ठेवला गेला आणि पुस्तकरूपानेही मिळू लागला. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केले की, युद्धविषयक कागद सामान्यतः पंचवीस वर्षांनी खुले व्हावेत. धोरण चांगले आहे. ते पाळले गेले तर कारगिलचे कागद पाहण्याचा हक्क आपल्या नातवंडांना नव्हे, आपल्याच मुलांना मिळेल.

देशाच्या सुरक्षिततेसाठी काही गोष्टी गुप्त राहिल्या पाहिजेत, यात वाद नाही. माझ्यासमोर बसलेल्यांपैकी कित्येकांनी याच शहरातल्या संरक्षणविषयक कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत उमेद घालविली. त्यांच्या पत्नींनाही पतिराज नेमके काय करतात हे तीस वर्षे ठाऊक नव्हते! तो संयम मला आदरणीय वाटतो. परंतु १६९५ मधील मोगल पराभवाचे कागद बिकानेरला जाऊन कोणीही वाचू शकतो आणि १९६२ मधील आपल्या पराभवाचा अहवाल साठ वर्षे उलटूनही आपला विद्यार्थी वाचू शकत नाही, हे विचित्र आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांना समुद्रकाठी जागा देऊ नये असे बजाविले ते पंचवीस वर्षांच्या होरपळीतून जे शिकले त्यावरून. त्यांना आपल्याच राज्याचे अपयश वाचावयाला कोणाची परवानगी लागली नाही, ते त्यांनी अंगावर झेलले होते. पुढच्या पिढीने ते कोठून शिकावे?

चव्हाणांच्या बाबतीत आपण थोडे भाग्यवान ठरलो. त्यांचे खाजगी सचिव राम प्रधान यांनी पुढे १९६५ च्या युद्धातील चव्हाणांच्या दैनंदिनीवर पुस्तक लिहिले आणि एका मराठी संरक्षणमंत्र्याला त्या तीन आठवड्यांत कोणत्या रात्री काय वाटले हे आपणांस वाचावयास मिळाले. ही माहिती सरकारी दफ्तरातून आली नाही. एका माणसाने वही लिहिली आणि दुसऱ्याने ती जपली, म्हणून आली.

येथवर आलो आहे तर एक कामाची गोष्ट बोलून टाकतो. कर्नाटकातल्या मराठी घरांत, आणि या सभागृहातल्या काही घरांतही, जुने कागद आहेत. बदामीच्या बनशंकरीला कुलदेवता मानणारी कित्येक देशस्थ घराणी आपल्यात आहेत. कोणाचे पूर्वज तंजावरहून आले, कोणाचे संडूर-गुत्तीच्या घोरपड्यांच्या पदरी होते, कोणाचे कोणी इंग्रजी अमलात शिरस्तेदार होते. माळ्यावरच्या ट्रंकेत मोडीचे रुमाल पडलेले असतात, आणि नवे फ्लॅट घेताना ते रद्दीत जातात. त्यात इनामाच्या भानगडी असतील, लग्नाची यादी असेल, कदाचित एखाद्या छावणीतून घरी लिहिलेले चार ओळींचे पत्रही असेल. काय आहे ते वाचल्यावाचून कळणार नाही. मोडी सराईतपणे वाचणारे दोन ज्येष्ठ सभासद आपल्या मंडळात आहेत आणि त्यांनी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी कार्यालयात बसण्याचे मान्य केले आहे. कागद आणावेत, तेथेच त्यांची छायाचित्रे घेतली जातील आणि मूळ कागद त्याच दिवशी ज्याचे त्याला परत मिळतील. रुमालाचा दोरा सोडू नये, पानांचा क्रम बदलू नये, कीड लागली असली तरी उन्हात वाळत घालू नये. आणि कृपा करून कोणी लॅमिनेशन करून आणू नये.